वारा बदलता, पाणी वाहतं: समुद्राच्या पृष्ठभागावरचं सरासरी घर्षण कसं काढायचं

वाऱ्याचा वेग मोजणं सोपं असतं, पण समुद्राला नुसत्या वेगाशी काही देणंघेणं नसतं. समुद्राला कळतं ते घर्षण, म्हणजे वारा पाण्याच्या पृष्ठभागाला किती जोराने आणि कुठल्या दिशेला ओढतोय ते, ज्याला सगळे विंड स्ट्रेस म्हणतात. वरच्या थराची घुसळण, प्रवाह, किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येणं, मॉडेलला द्यायचं फोर्सिंग (म्हणजे बाहेरून लावायचा जोर), हे सगळं याच आकड्यावर उभं असतं, आणि बहुतेक वेळा आपल्याला त्याची महिन्याची किंवा सीझनची सरासरी हवी असते. मग काय होतं, लोक महिन्याचा सरासरी वारा काढतात, तो फॉर्म्युल्यात टाकतात आणि आलेलं उत्तर रिपोर्टमध्ये लिहितात. हे उत्तर चुकतं, आणि थोडंथोडकं नाही, काही महिन्यांत तिपटीचौपटीने चुकतं. म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो: आधी प्रत्येक नोंदीचं घर्षण काढायचं, सरासरी मग. वाऱ्यातला चढउतार हा पुसून टाकायचा कचरा नाहीये, सरासरी घर्षणाचा मोठा हिस्सा त्याच्यातूनच येतो.

उदाहरणासाठी कोकण किनाऱ्यासमोरचा अरबी समुद्र घेतोय कारण इथे दोन्ही टोकं एकाच वर्षात दिसतात. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा जोरदार आणि बऱ्यापैकी स्थिर वारा, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दिवसा खारे वारे नि रात्री मतलई वारे, म्हणजे वेग कमी पण दिशा रोज उलटीपालटी.

फॉर्म्युला, पण नीट वाचून

पूर्वेकडचं घर्षण = हवेची घनता × ड्रॅग कोइफिशंट (हवा पाण्याला किती घट्ट पकडते तो आकडा) × वाऱ्याचा एकूण वेग × वाऱ्याचा पूर्वेकडचा घटक. उत्तरेकडचं घर्षण तसंच, फक्त शेवटी उत्तरेकडचा घटक. लक्षात घ्या की घटकाचा वर्ग करायचा नाहीये, एकूण वेग गुणिले घटक करायचं आहे. पूर्वेकडच्या घटकाचा वर्ग केला तर चिन्ह हरवतं आणि उत्तरेच्या घटकाचा परिणामही हरवतो, आणि ही चूक मी खूप एक्सेल शीटमध्ये बघितलीय.

हवेची घनता पुस्तकात १.२२५ किलो प्रति घनमीटर दिलेली असते पण ती १५ अंश तापमानाच्या कोरड्या हवेची आहे. आपल्या समुद्रावर हवा २६ ते ३० अंश आणि भरपूर दमट, तिथे १.१५ ते १.१७ धरा. फरक पाचेक टक्क्यांचाच आहे, पण फुकट मिळणारी दुरुस्ती का सोडायची.

ड्रॅग कोइफिशंटसाठी लार्ज आणि पॉन्ड यांचा १९८१ चा फॉर्म्युला अजूनही हाताने करायला सगळ्यात सोयीचा आहे. १० मीटर उंचीवरचा वारा ४ ते ११ मीटर प्रति सेकंद असेल तर ०.००१२, आणि ११ ते २५ असेल तर ०.४९ अधिक ०.०६५ गुणिले वेग, आणि जे येईल त्याला हजाराने भागायचं. म्हणजे १५ च्या वाऱ्याला ०.००१४६५. यलंड आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या फॉर्म्युल्याने (०.५० अधिक ०.०७१ गुणिले वेग) तोच आकडा ०.००१५६५ येतो, म्हणजे सातेक टक्के जास्त, तर एवढी अनिश्चितता कुठलाही फॉर्म्युला घ्या राहतेच. कॉम्प्युटरवर करणार असाल तर सरळ कोअर (COARE) अल्गोरिदम वापरा, तो १९९२-९३ च्या पश्चिम पॅसिफिकमधल्या मोठ्या मोहिमेतून आला आणि नंतर सुधारत गेला, हवा-पाण्याच्या तापमानातला फरक आणि मंद वारा दोन्ही तो नीट हाताळतो.

अजून एक, जोराच्या वाऱ्यात ड्रॅग कोइफिशंटही वेगाबरोबर वाढतो, म्हणजे घर्षण वेगाच्या वर्गापेक्षाही जास्त झपाट्याने वाढतं. त्यामुळे महिन्यातले दोनतीन वादळी दिवस पूर्ण महिन्याच्या सरासरीवर भारी पडू शकतात.

कुठला चढउतार धरायचा आणि कुठला नाही

इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो म्हणून जरा थांबून सांगतो. वारा सेकंदासेकंदाला हलतो, तासातासाला बदलतो, दिवसरात्र बदलतो, आठवड्याने बदलतो. हे सगळे चढउतार एकाच फॉर्म्युल्यात घालायचे नाहीत.

सेकंदांचा चढउतार म्हणजे टर्ब्युलन्स, आणि घर्षण मुळात तयार होतं ते त्याच्यामुळेच. वरची वेगवान हवा भोवऱ्यांमधून खाली येते, खालची मंद हवा वर जाते, आणि आडवा वेग व उभा वेग यांच्या चढउतारांच्या गुणाकाराची सरासरी, उणे चिन्हासकट, गुणिले घनता, हेच घर्षण. सोनिक अॅनिमोमीटर (ध्वनीने वारा मोजणारं यंत्र) सेकंदाला १० ते २० नोंदी घेतो, त्यातून १० ते ३० मिनिटांचे तुकडे पाडून हे थेट मोजता येतं, याला एडी कोव्हेरियन्स म्हणतात. जहाजावर किंवा बॉयवर (समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या स्टेशनवर) असेल तर आधी त्यांचं स्वतःचं डुलणं वजा करावं लागतं, आणि ते काम किचकट आहे. ड्रॅग कोइफिशंट हा अशाच थेट मोजमापांवरून बसवलेला आहे, १० मिनिटं ते तासाभराच्या सरासरी वाऱ्यासाठी. म्हणजे सेकंदांचा चढउतार कोइफिशंटच्या पोटात आधीच आहे. तुम्ही जर सेकंदाच्या नोंदी उचलून वर्गाच्या फॉर्म्युल्यात घातल्या तर तो दुसऱ्यांदा मोजला जातो. झोताचा कमाल वेग, म्हणजे गस्ट म्हणून जो आकडा वेगळा दिलेला असतो, तोही इथे वापरायचा नाही.

तासापेक्षा लांबचे चढउतार मात्र कोइफिशंटमध्ये नाहीत, ते आपल्यालाच धरायचे आहेत. खारे-मतलई वारे, मान्सूनमधले जोराचे आणि उघडिपीचे दिवस, कमी दाबाचे पट्टे, सगळे यात. म्हणून तासाच्या नोंदी सगळ्यात उत्तम, तीन तासांच्या चालतात, सहा तासांच्या किनाऱ्याजवळ जेमतेम, आणि दिवसाची सरासरी घेतली की खारे-मतलई वारे पूर्णपणे पुसले जातात, मग ते कुठल्याही फॉर्म्युल्याने परत येत नाहीत.

नोंदी स्वच्छ करणं

आकडेमोडीपेक्षा जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच पाहिजे.

दिशा: हवामानवाले वारा कुठून येतोय ते सांगतात, समुद्रवाले प्रवाह कुठे चाललाय ते सांगतात. वारा ३१५ अंश म्हणजे वायव्येकडून आग्नेयेकडे, पण प्रवाह ३१५ अंश म्हणजे वायव्येकडे चाललेला. दोन्ही एकाच फॉर्म्युल्याने घटकांत तोडले तर एक उलटा होतो आणि वाऱ्यातून प्रवाह वजा करायच्या ऐवजी चक्क मिळवला जातो. वाऱ्यासाठी पूर्व घटक = उणे वेग गुणिले दिशेचा साइन, उत्तर घटक = उणे वेग गुणिले दिशेचा कोसाइन. प्रवाहासाठी तेच, उणे चिन्ह काढून. झालं की एखाददुसरी नोंद कागदावर बाण काढून तपासा.

एकक: नॉटमध्ये असेल तर ०.५१४४ ने गुणा. किलोमीटर प्रति तास असेल तर ३.६ ने भागा.

उंची: हे फार लोक सोडून देतात. आपल्या एनआयओटीच्या (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या) ओम्नी बॉयवर वारा साधारण ३ मीटरवर मोजला जातो, हिंदी महासागरातल्या रामा बॉयवर ४ मीटरवर, आणि कोइफिशंट आहे १० मीटरच्या वाऱ्याचा. वारा वर जाताना लॉगरिदमने वाढतो. समुद्राचा खरखरीतपणा ०.२ मिलिमीटर धरला तर ३ मीटरवरच्या वाऱ्याला १.१२५ ने गुणायचं, ४ मीटरवरच्याला साधारण १.०९ ने. साडेबारा टक्के म्हणजे काही फार नाही असं वाटेल, पण वर्ग झाला की तो फरक २६-२७ टक्क्यांचा होतो, म्हणजे कोइफिशंटच्या फॉर्म्युल्यावरून जे वाद घालतात त्याच्या जवळपास चौपट. खरखरीतपणा हा वाऱ्याबरोबर बदलतो, चारनॉकने १९५५ मध्ये दिलेला संबंध त्यासाठी वापरतात, पण हातच्या हिशोबाला एक ठरावीक आकडा पुरतो.

स्थैर्य: पाणी हवेपेक्षा गरम असेल तर हवा उसळते आणि घर्षण वाढतं, पाणी थंड असेल तर हवा बसून राहते आणि घर्षण घटतं. कोकणासमोर बहुतेक वेळ पाणीच जरा गरम असतं. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला मात्र मान्सूनमध्ये खालचं थंड पाणी वर येतं, तिथे ही दुरुस्ती सोडून चालणार नाही. फक्त एक सांभाळा, सॅटेलाइटच्या स्कॅटरोमीटरचा (समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या रडारचा) वारा हा आधीच १० मीटर उंचीचा आणि स्थैर्याची दुरुस्ती करून दिलेला असतो, त्याला परत उंचीची किंवा स्थैर्याची दुरुस्ती लावू नका.

चार नोंदी घेऊन करून बघू

आकडे मी हिशोब सोपा पडावा म्हणून निवडलेत, पण हिवाळ्यात कोकण किनाऱ्याजवळ एका दिवसाचं चित्र साधारण असंच असतं. पहिला आकडा पूर्वेकडचा घटक, दुसरा उत्तरेकडचा, सगळं मीटर प्रति सेकंदात.

दुपारी २: ४ आणि उणे ३, वेग ५
रात्री ८: १.५ आणि उणे २, वेग २.५
रात्री २: उणे २ आणि ०, वेग २
सकाळी ८: उणे १.५ आणि ०, वेग १.५

आधी चुकीची पद्धत. पूर्वेची सरासरी ०.५, उत्तरेची उणे १.२५, या सरासरी वाऱ्याचा वेग १.३५. वेग गुणिले घटक केलं की पूर्वेला ०.६७ आणि उत्तरेला उणे १.६८.

आता बरोबर पद्धत. प्रत्येक नोंदीत वेग गुणिले पूर्व घटक: २०, ३.७५, उणे ४, उणे २.२५. बेरीज १७.५, सरासरी ४.३७५. वेग गुणिले उत्तर घटक: उणे १५, उणे ५, ०, ०. बेरीज उणे २०, सरासरी उणे ५.

बघा काय झालं. एकूण घर्षण ३.७ पट निघालं, आणि नुसतं मोठं नाही झालं तर दिशाही फिरली. सरासरी वाऱ्याने सांगितलं होतं की ओढ पूर्वेपासून दक्षिणेकडे ६८ अंश झुकलेली आहे, प्रत्यक्षात ती ४९ अंश झुकलेली आहे. कारण दुपारचा खारा वारा जोराचा आहे, वर्गामुळे त्याचं वजन मतलई वाऱ्यापेक्षा खूपच जास्त पडतं, आणि सरासरीत मतलई वाऱ्याने जे खोडून काढलं होतं ते घर्षणात खोडलं जात नाही. म्हणून सरासरी वाऱ्यावरून काढलेल्या घर्षणाला एखादा दुरुस्तीचा गुणक लावून वेळ मारून नेता येत नाही, दिशा गुणकाने कशी सुधारणार.

घनता १.१७ आणि कोइफिशंट ०.००१२ धरून (मंद वाऱ्यालाही तोच लावलाय, हिशोब साधा राहावा म्हणून) उत्तरेकडचं घर्षण उणे ०.००७० न्यूटन प्रति चौरस मीटर येतं, चुकीच्या पद्धतीने आलं असतं उणे ०.००२४. रत्नागिरीच्या अक्षांशावर, म्हणजे १७ अंशावर, या दक्षिणेकडच्या ओढीमुळे वरचं पाणी पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं, याला एकमन ट्रान्सपोर्ट म्हणतात. किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरमागे ते सेकंदाला ०.१६ घनमीटर येतं. सरासरी वाऱ्याने ०.०५ आलं असतं. म्हणजे अपवेलिंगच्या (खालचं थंड पाणी वर येण्याच्या) इंडेक्समध्ये थेट तिपटीचा फरक, आणि मासळीचे अंदाज अशाच इंडेक्सवर बसवायला जातात तेव्हा हा फरक कागदावरचा राहत नाही.

आता पाणी वाहतंय ते धरा

वाऱ्याला जाणवतो तो पाण्याच्या सापेक्ष वेग. म्हणून प्रत्येक नोंदीत आधी वाऱ्यातून प्रवाह घटकानुसार वजा करायचा आणि मग वेग, गुणाकार, सरासरी. क्रम बदलायचा नाही.

हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, मान्सूनमध्ये दक्षिणेकडे. वरच्या चार नोंदींना उत्तरेकडचा ०.३ मीटर प्रति सेकंदाचा प्रवाह लावून बघा. उत्तर घटक होतात उणे ३.३, उणे २.३, उणे ०.३, उणे ०.३. परत तोच हिशोब केला की उत्तरेचा आकडा उणे ५ चा उणे ६.१ होतो, पूर्वेचा ४.३७५ चा ४.६. दक्षिणेकडची ओढ २२ टक्क्यांनी वाढली, कारण प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध चाललाय. ०.३ चा प्रवाह म्हणजे काही मोठा नाही, अर्ध्या नॉटच्या जरा वर, पण वारा मंद असला की त्याचा हिस्सा मोठा होतो. ढोबळ हिशोब लक्षात ठेवायचा तर प्रवाह भागिले वारा, त्याच्या दुप्पट एवढा फरक घर्षणात पडतो, एकाच दिशेला असतील तर कमी, विरुद्ध असतील तर जास्त.

सोमाली प्रवाहात मान्सूनमध्ये पाणी सेकंदाला २ मीटर आणि त्याहूनही जोरात वाहतं. वर १५ मीटर प्रति सेकंदाचा वारा त्याच दिशेला असेल तर सापेक्ष वारा १३, आणि वर्गाचं गुणोत्तर ०.७५, म्हणजे घर्षण चक्क पाव भागाने कमी. प्रवाह सोडून दिला तर समुद्राला तुम्ही नसलेली ऊर्जा देता. भोवऱ्यांवरही हाच परिणाम होतो, भोवऱ्याच्या एका कडेला पाणी वाऱ्याबरोबर आणि दुसऱ्या कडेला वाऱ्याविरुद्ध, म्हणून घर्षण दोन्हीकडे वेगळं आणि एकूण परिणाम भोवरा मंदावण्याकडे. मॉडेलमध्ये भोवरे जास्त दिवस टिकतायत असं दिसलं तर मी पहिल्यांदा हेच तपासतो की वारा सापेक्ष घेतलाय की नाही.

प्रवाह कुठल्या खोलीचा घ्यायचा हा खरा प्रश्न आहे. बॉयवरच्या एडीसीपीची (ध्वनीने प्रवाह मोजणाऱ्या यंत्राची) वरची विश्वासार्ह नोंद बऱ्याचदा काही मीटर खालीच सुरू होते, ड्रिफ्टरचा (प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या यंत्राचा) पाल १५ मीटरवर असतो, ऑस्कर नावाचं सॅटेलाइटवरून काढलेलं उत्पादन वरच्या ३० मीटरची सरासरी देतं, आणि किनाऱ्यावरचे एचएफ रडार वरच्या मीटरभराचा प्रवाह बघतात. हवा टेकते ती अगदी वरच्या कातडीला, त्यामुळे रडार असेल तर उत्तम, नसेल तर जे आहे ते वापरा पण प्रवाह नाहीच धरला असं करू नका. भरतीओहोटीचा प्रवाह जोराचा असेल तिथे मात्र रोजची किंवा पाच दिवसांची सरासरी चालणार नाही, तासाचा प्रवाह लागेल.

आणि इथे स्कॅटरोमीटरची गोष्ट परत. स्कॅटरोमीटर पाण्यावरच्या बारीक लाटांवरून वारा ओळखतो, आणि त्या लाटा सापेक्ष वाऱ्याने उठतात. म्हणजे त्याचा वारा मुळातच प्रवाह वजा केलेला आहे, त्यातून प्रवाह परत वजा केला की दुरुस्ती दोनदा झाली. बॉयचा आणि ईआरए५ चा (नोंदी आणि मॉडेल जोडून युरोपीय हवामान केंद्राने बनवलेल्या डेटाचा) वारा मात्र जमिनीच्या सापेक्ष, तिथे वजाबाकी आपणच करायची. दोन्ही स्रोत एकाच सिरीजमध्ये जोडत असाल तर हे आधी एकसारखं करून घ्या.

फक्त सरासरी आणि चढउतार हातात असेल तर

जुन्या रिपोर्टमध्ये किंवा क्लायमेटॉलॉजीत (अनेक वर्षांच्या सरासरीत) तासाच्या नोंदी नसतात, महिन्याचा सरासरी वारा आणि स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, असतं. तेवढ्यावरही बरंच जमतं. सरासरी वारा, वेक्टरचा म्हणजे दिशा धरून काढलेला, त्याला व म्हणू. आणि प्रत्येक घटकाचा स्टँडर्ड डेव्हिएशन स, दोन्ही घटकांत सारखा धरून.

चढउतार सरासरीच्या मानाने लहान असेल तर वेग-गुणिले-घटक याची सरासरी म्हणजे व चा वर्ग अधिक दीडपट स चा वर्ग. दोन घटकांचे चढउतार वेगळे असतील तर सरासरी वाऱ्याच्या दिशेतला वर्ग पूर्ण आणि आडव्या दिशेतला अर्धा मिळवायचा. चढउतार खूप मोठा असेल तर घर्षण व च्या सरळ प्रमाणात जातं: १.८८ गुणिले स गुणिले व. दोन्हींना जोडणारा आणि मधेही चालणारा फॉर्म्युला असा वापरा: व गुणिले वर्गमूळ, आणि वर्गमुळाच्या आत व चा वर्ग अधिक ३.५३ गुणिले स चा वर्ग. चढउतार नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनचे धरले तर अचूक उत्तराशी हा दोनेक टक्क्यांत जुळतो, मी व = स आणि व = २स ला ताडून बघितलाय.

आकडे घालू. मान्सूनचा महिना, व १०, स २.५. वर्ग १००, दुरुस्ती ९.४, म्हणजे सरासरी वाऱ्याने काढलं तरी नऊ टक्क्यांचीच चूक. आता ऋतू बदलताना, व १.५, स ३. वर्ग २.२५, आणि वरच्या फॉर्म्युल्याने ८.७५, म्हणजे जवळपास चौपट. आता याचा परिणाम बघा: सरासरी वाऱ्याने मान्सून आणि मधला महिना यांचं गुणोत्तर ४४ येतं, खरं गुणोत्तर साडेबारा आहे. म्हणजे वर्षाचा चढउतार आपण साडेतीनपट फुगवून दाखवतो, आणि शांत महिन्यांत समुद्र जणू झोपलेलाच असतो असा समज होतो.

उलट्या बाजूची चूकही असते. काही जण वेगाच्या वर्गाची सरासरी घेतात आणि तिला सरासरी वाऱ्याची दिशा देतात. वरच्याच महिन्यात ते २०.२५ येतं, खऱ्याच्या दुपटीपेक्षा जास्त. कारण वेगवेगळ्या दिशांच्या ओढी एकमेकींना काही प्रमाणात खोडतात, आणि नुसत्या वेगाला ते माहीतच नसतं. हा आकडा घुसळणीच्या हिशोबाला जवळचा आहे, प्रवाह ढकलायच्या हिशोबाला नाही.

प्रवाहही धरायचा असेल तर व म्हणजे सरासरी वारा उणे सरासरी प्रवाह, आणि स च्या वर्गाच्या जागी वाऱ्याच्या स चा वर्ग अधिक प्रवाहाच्या स चा वर्ग उणे दोनदा दोघांचा कोव्हेरियन्स (दोघं किती बरोबर वरखाली होतात त्याचा आकडा). हे शेवटचं पद विसरू नका. वारा वाढला की पाणीही त्याच्याबरोबर ओढलं जातं, त्यामुळे सापेक्ष चढउतार वाऱ्याच्या एकट्याच्या चढउतारापेक्षा थोडा कमीच असतो.

डेटा कुठून, आणि त्यात काय सांभाळायचं

ईआरए५ तासाला एक, पाव अंशाच्या जाळीवर, सगळ्यांना मोफत मिळतं आणि सुरुवातीला तेच घ्या. पण किनाऱ्याजवळच्या चौकोनात अर्धी जमीन असते, तिथला खारा वारा त्याला नीट दिसत नाही, एकदोन चौकोन समुद्रात सरका आणि जवळच्या बॉयशी ताडून बघा. बॉयचा डेटा इन्कॉइसकडून (हैदराबादच्या समुद्र माहिती केंद्राकडून) मागता येतो. सरावासाठी अमेरिकेतल्या वूड्स होलच्या समुद्रविज्ञान संस्थेने ऑक्टोबर १९९४ ते ऑक्टोबर १९९५ मध्ये अरबी समुद्राच्या मध्यात, साडेपंधरा अंश उत्तर आणि साडेएकसष्ट अंश पूर्वेला लावलेल्या बॉयचा डेटा फार चांगला आहे, एका पूर्ण मान्सून चक्राचा.

सॅटेलाइटचा मुद्दा वेगळाच आहे. हे सूर्याशी जुळलेल्या कक्षेत फिरतात, म्हणजे रोज ठरावीक स्थानिक वेळेलाच येतात. क्विकस्कॅट (२००९ पर्यंत चालला) सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ च्या आसपास, अॅस्कॅट साडेनऊच्या आसपास दोन्ही वेळा, आपला ओशनसॅट-२ (त्याचा स्कॅटरोमीटर २०१४ पर्यंत चालला) दुपारी आणि मध्यरात्री १२ च्या सुमारास. खारे-मतलई वाऱ्यांच्या पट्ट्यात एकच सॅटेलाइट वर्षभर बघितला तर तुम्ही रोजच्या चक्राचे तेच दोन क्षण शेकडो वेळा मोजता, नोंदी कितीही वाढल्या तरी सरासरी बरोबर होत नाही. दोनतीन सॅटेलाइट मिसळा किंवा तासाच्या डेटावरून चक्राची दुरुस्ती लावा. शिवाय क्विकस्कॅट आणि ओशनसॅटच्या रडारला जोराचा पाऊस त्रास देतो, म्हणून पावसाचा शिक्का लागलेल्या नोंदी आपण काढून टाकतो, आणि नेमक्या त्याच तर मान्सूनच्या झोडपणाऱ्या वाऱ्याच्या असतात.

हेच बॉयच्या खंडांनाही लागू. बॉय बहुतेकदा वादळात बंद पडतो, शांत हवेत नाही. त्यामुळे गाळलेल्या जागा तशाच सोडून सरासरी घेतली तर ती कमीच येते. मी खंड कधी पडलेत ते ईआरए५ च्या वेगाबरोबर मांडून बघतो, आणि खंड जोराच्या दिवसांत जास्त असतील तर ईआरए५ ला बॉयच्या चालू काळावरून जुळवून तिथे भरतो. सरळ रेषेने भरणं तासदोन तासांच्या खंडापुरतंच ठीक, आणि तेही वेगाचं नाही तर घटकांचं.

उत्तराबरोबर किती चुकू शकतं तेही काढा

महिन्यात तासाच्या ७२० नोंदी आहेत म्हणून ७२० च्या वर्गमुळाने भागून चूक काढू नका, शेजारच्या तासांचा वारा एकमेकांसारखाच असतो, खऱ्या स्वतंत्र नोंदी फार थोड्या. सोपा उपाय असा की नोंदींचे पाच ते दहा दिवसांचे सलग तुकडे पाडायचे, त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे तुकडे उचलून, परत परत उचलायची मुभा ठेवून, नवी सिरीज जोडायची, सरासरी घर्षण काढायचं, आणि हे हजार वेळा करून उत्तरांचा पसारा बघायचा. तुकडा पूर्ण दिवसांचा ठेवा म्हणजे रोजचं चक्र तुटत नाही. एका महिन्याला तुकडे फारच कमी होतात, त्यापेक्षा तोच महिना अनेक वर्षांचा घ्या. मग त्यात कोइफिशंटची चूक आणि उंचीची चूक वेगळी लिहा, कारण ती नोंदी वाढवून कमी होत नाही.

आकड्याशेजारी हे लिहून ठेवा: घनता किती धरली, कोइफिशंट कुठला, वारा किती उंचीचा आणि दुरुस्ती केली का, प्रवाह वजा केला का आणि कुठल्या खोलीचा, नोंदी किती तासांच्या. यातलं एकही नसेल तर दुसऱ्याला तो आकडा वापरता येत नाही.

तळाशीही तेच गणित

समुद्राच्या तळावरचं घर्षण याच पद्धतीने काढतात, घनता पाण्याची आणि कोइफिशंट साधारण ०.००२५. तिथे चढउतार म्हणजे भरतीओहोटी, जी वाऱ्यापेक्षा जास्त नियमित असते पण मूळ प्रवाहापेक्षा कितीतरी मोठी. समजा भरतीच्या प्रवाहाचा कमाल वेग १ मीटर प्रति सेकंद आणि त्याच रेषेत संथ सरासरी प्रवाह ०.१. सरासरीचा वर्ग केला तर ०.०१. प्रत्यक्षात मंद सरासरीसाठी घर्षण येतं चार भागिले पाय गुणिले भरतीचा वेग गुणिले सरासरी, म्हणजे ०.१२७, जवळपास तेरा पट. खंबायतच्या आखातात, जिथे भरतीचा जोर देशात सगळ्यात जास्त, किंवा मुंबईच्या खाडीत गाळ कुठे साचेल याचा हिशोब करताना भरती गाळून टाकलेला प्रवाह वापरला तर तळाचं घर्षण नाहीच्या बरोबर येतं आणि पाणी मॉडेलमध्ये उगाच पळत सुटतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला भरतीचा वेग वेगळा, म्हणून किमान साडेएकोणतीस दिवसांच्या तासाच्या नोंदी घ्या, त्याहून कमी घेतल्या तर उधाण दोनदा आणि भांग एकदाच, किंवा उलट, असं होतं आणि सरासरी त्या बाजूला झुकते.